चित्रकथांच्या दुकानांत

पैनगंगा ओलांडून दक्षिणेस उतरले की आदिलाबाद जिल्हा लागतो. दुकानांवरील पाट्या तेलुगूत असतात. परंतु बाजारात क्षणभर कान दिला तर मराठी ऐकू येते, आणि तिच्या जोडीला गोंडी व उर्दूही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा या जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला व २०१४ पासून तो तेलंगणात आहे. येथील मराठी घरांतील कित्येक मुले शाळेत तेलुगू अथवा इंग्रजी शिकतात आणि घरी मराठी बोलतात. बोलणे घरात टिकते. वाचनाचे तसे नाही. त्यासाठी पाठ्यपुस्तकाबाहेरचे काहीतरी हाती पडावे लागते, आणि लहान वयात ते बहुधा चित्रांचे पुस्तकच असते. म्हणून अशी पुस्तके कोठे मिळतात आणि कोणत्या भाषेत मिळतात, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही.

आदिलाबादहून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर आहे. तेथे आबिद्स भागात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, आणि त्यांच्या बंद दारांपुढे पदपथावर जुनी पुस्तके मांडली जातात. मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ किंवा माटुंग्यास किंग्ज सर्कलपाशी ज्यांनी पुस्तके चाळली आहेत, त्यांना हा देखावा परका वाटणार नाही. अभियांत्रिकीच्या जाडजूड ग्रंथांच्या आड चित्रकथांचे गठ्ठे दडलेले असतात. गिऱ्हाइकाने गुडघे टेकून ते उपसावेत, ही तेथली रीत.

या गठ्ठ्यांत ज्याचा शोध मराठी माणसाने प्रथम घ्यावा ते मासिक म्हणजे 'चांदोबा'. काटेकोरपणे पाहिले तर ती चित्रकथा नव्हे, सचित्र कथांचे मासिक होय. बी. नागी रेड्डी व चक्रपाणी या तेलुगू गृहस्थांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासेत 'चंदामामा' तेलुगू व तमिळ भाषांत सुरू केले. मराठी 'चांदोबा' १९५२ साली निघाला. मजकूर मूळ तेलुगूतून भाषांतरित होई, चित्रे मात्र सर्व भाषांत तीच. तलवार उपसलेला, खांद्यावर प्रेत घेतलेला विक्रम राजा चित्रकार शंकर यांनी रेखाटला, आणि तो तेलुगू घरात व मराठी घरात एकाच रूपात गेला. आदिलाबादसारख्या गावी याचा अर्थ सहज ध्यानात येईल. शेजारच्या तेलुगू मित्राचा अंक मराठी मुलाने उघडावा आणि अक्षर ओळखू न येताही गोष्ट ओळखावी, ही सोय त्या मासिकाने करून ठेवली होती. २०१३ मध्ये त्याचे प्रकाशन थांबले.

दुसरा शोध 'इंद्रजाल कॉमिक्स'चा. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया संस्थेने मार्च १९६४ मध्ये ही माला काढली. ली फॉक यांनी १९३६ साली अमेरिकेत निर्माण केलेला मुखवटाधारी फँटम तिच्यातून घरोघर पोचला. बंगालीत त्याला 'अरण्यदेव' म्हटले गेले. मराठीत तो 'वेताळ' झाला. त्यामुळे मराठी मुलांपुढे दोन वेताळ उभे राहिले: एक झाडावर लोंबकळून राजाला कोडी घालणारा, दुसरा कवटीच्या गुहेत राहून चाच्यांचा समाचार घेणारा. मुलांचा त्यामुळे मुळीच गोंधळ उडाला नाही. गोंधळ उडाला असेल तर तो वडील मंडळींचा. ही माला १९९० मध्ये बंद पडली.

तिच्याच संपादनात काम केलेल्या अनंत पै यांनी १९६७ साली 'अमर चित्र कथा' उभी केली. तिच्या 'कृष्ण' या पुस्तकाची चित्रे राम वाईरकरांची आहेत, आणि पुण्याचे प्रताप मुळीक हे तिचे आणखी एक नामवंत चित्रकार. म्हणजे हात मराठी होते, आणि काही काळ पुस्तकेही मराठीत मिळत होती. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून 'सकाळ'मध्ये येऊ लागला. त्याचे संग्रह निघाले आहेत आणि चित्रांतून मराठी वाचावयास लावण्याच्या कामी ते आजही उत्तम आहेत.

आता नव्या दुकानात शिरावे. हैदराबादच्या मोठ्या पुस्तकालयांत एक आख्खे कपाट जपानी चित्रकथांनी, म्हणजे 'मांगां'नी भरलेले आढळते. हा शब्द जुना आहे. चित्रकार होकुसाई यांनी १८१४ पासून प्रसिद्ध केलेल्या रेखाटनांच्या वह्यांना तो लावला होता. आजच्या कथामांगाची वाट ओसामू तेझुका यांच्या १९४७ मधील पुस्तकाने रुंद केली; 'चंदामामा'चे वर्षही तेच. हे पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचावयाचे असते. प्रथमच हाती घेणारा शेवटच्या पानापासून सुरुवात करतो आणि तेथे छापलेली सूचना वाचून ओशाळतो. कथा खंडशः चालते: 'नारुतो' ७२ खंडांत संपली, 'वन पीस' तर १९९७ पासून चालूच असून तिच्या खंडांनी शंभरी ओलांडली आहे. एकेका खंडाची किंमत काही शे रुपये. आदिलाबादच्या पालकाने हा हिशेब आधी मांडून पाहावा.

हे सारे खंड इंग्रजीत असतात. असे का, याचे एक कारण संवादाच्या फुग्यात आहे. जपानी मजकूर वरून खाली लिहिला जातो. म्हणून फुगा उंच व अरुंद काढलेला असतो. त्यात आडवी ओळ बसवताना शब्द तुटतात. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांसाठी जागा हवी, म्हणून ओळी आणखी कमी बसतात. आघातांचे आवाजही चित्रातच रेखलेले असतात. ते पुसून 'धडाम' लिहावयाचे तर चित्र पुन्हा काढावे लागते. अर्थात हे अशक्य नाही. युकिची यामामात्सू नावाचे जपानी चित्रकार, हिंदी वा इंग्रजी येत नसताना, २००४ साली दिल्लीस आले. एक सामुराई कथा त्यांनी हिंदीत भाषांतरित करवून घेतली, छापली आणि रस्त्यावर उभे राहून विकू लागले. विक्री बेताचीच झाली. पण त्या फजितीवर त्यांनी स्वतःच एक मांगा काढला, आणि चेन्नईच्या प्रकाशकाने तो पुढे इंग्रजीत आणला.

गंमत अशी की आदिलाबादच्या मुलांना मांगा हा शब्द ठाऊक नसला तरी डोरेमॉन व शिनचॅन ठाऊक असतात. ती दोन्ही मूळची मांगाच. पडद्यावर ती भाषांतरित आवाजात बोलतात आणि वाचनाची गरजच उरत नाही.

आबिद्सला जाणाऱ्याने रविवारी सकाळीच पोचावे. विक्रेत्याकडे 'चांदोबा' न मागता 'चंदामामा' मागावा, कारण सर्व भाषांचे अंक तो याच नावाने ओळखण्याचा संभव अधिक. मग गठ्ठ्यातील देवनागरी अंक वेगळे काढून त्यांतले हिंदी बाजूस ठेवावेत. मुखपृष्ठावरून ओळख पटत नाही, चित्रे सारखीच असतात. आतली पहिली ओळ वाचावी लागते.