नर्सिंगचा एक विषय राहिला, तर पुढच्या परीक्षेपर्यंत काम कोणते धरावे?

दरवर्षी निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये गुणवंतांचे सत्कार होतात. बुके, स्मृतिचिन्ह, फोटो सगळे होते. त्याच वस्तीत जीएनएमच्या शेवटच्या वर्षाला एका विषयात राहिलेली मुलगी त्या दिवशी घराबाहेर पडत नाही. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत काम करताना अशा मुली आणि काही मुलगेही मला सतत भेटतात. बहुतेक घरातून शिकणारी ही पहिलीच पिढी. फीसाठी काढलेले बचत गटाचे कर्ज अजून फिटलेले नसते. "घरी बसून काय करणार, काहीतरी कमव" असे पहिल्या महिन्यात ऐकू येते आणि तिसऱ्या महिन्यापासून स्थळे यायला लागतात. एका विषयासाठी तीन वर्षांचे शिक्षण वाया जाते ते इथे. परीक्षा अवघड असते म्हणून जितक्या मुली सुटतात, त्याहून जास्त मधल्या काळात चुकीचे काम धरल्यामुळे सुटतात, असे माझे निरीक्षण आहे.

आधी नियम समजून घेऊ. अमेरिकेत पदवी मिळाल्यावर परवान्यासाठी एनक्लेक्स ही वेगळी परीक्षा द्यावी लागते. नापास झाल्यास ४५ दिवसांनी पुन्हा बसता येते. आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आलेली पद्धत वेगळी आहे. एएनएम आणि जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, बीएस्सी नर्सिंगची नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ. अंतिम वर्ष उत्तीर्ण झाले की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते आणि ती नोंदणी हाच परवाना. म्हणजे शेवटच्या वर्षाचा एक पेपर राहिला तरी नोंदणी अडते. आणि महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ नुसार नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून व्यवसाय करता येत नाही. "तीन वर्षे शिकली आहे, सगळे येते तिला" हा युक्तिवाद कायद्यापुढे चालत नाही.

अडचण अशी की बाजारात तो रोज चालतो. स्टेशनजवळच्या छोट्या नर्सिंग होमला नोंदणीकृत नर्स परवडत नाही, किंवा मिळाली तर टिकत नाही. मग नापास झालेली मुलगी त्यांना सोयीची पडते. तिला काम येते, पगार कमी चालतो आणि तक्रार करायला तोंड नसते. गणवेश चढतो, सगळे "सिस्टर" म्हणतात, घरच्यांनाही बरे वाटते. रात्रपाळीत डॉक्टर घरी असतात आणि वॉर्ड तिच्या एकटीच्या भरवशावर. सलाईन लावणे, शिरेतून इंजेक्शन देणे, प्रसूतीच्या कळा आलेल्या बाईला तपासणे सगळे तीच करते. एखाद्या रुग्णाला इंजेक्शनची रिअॅक्शन आली की मात्र चौकशीत पहिला प्रश्न येतो: नोंदणी क्रमांक काय? एका खासगी रुग्णालयात असाच प्रसंग घडला तेव्हा व्यवस्थापनाने "ती तर आमच्याकडे मदतनीस होती" असे सांगून हात वर केले. मुलीकडे नेमणूकपत्रच नव्हते. ती काय सिद्ध करणार?

म्हणून काम धरताना पद कोणते हे पगाराच्याही आधी विचारा. नेमणूकपत्रावर "रुग्ण सहायक", "वॉर्ड असिस्टंट", "स्वागतकक्ष" असे जे लिहिले असेल तेवढेच काम करायचे. रुग्णाला कूस बदलून देणे, भरवणे, अंघोळ, तापमान-नाडीची नोंद नर्सच्या देखरेखीखाली ठेवणे, कागदपत्रे सांभाळणे ही कामे सहायकाची आहेत. औषध देणे, इंजेक्शन आणि प्रसूती यांना स्पष्ट नाही म्हणायचे. नकार देणे अवघड जाते हे मला माहीत आहे. त्यासाठी पहिल्याच दिवशी "माझा निकाल बाकी आहे, नोंदणी नाही" असा दोन ओळींचा अर्ज देऊन त्याची पोच घ्या. पुढे तोच कागद तुमच्या बाजूने उभा राहतो. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला कोणाकडेही जमा करू नका. "बॉण्ड" म्हणून ठेवून घेतलेली मूळ कागदपत्रे परीक्षेचा अर्ज भरायच्या आठवड्यातच नेमकी मिळत नाहीत. किमान वेतन रुग्णालयांनाही लागू आहे, एवढे लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि आपल्या भागात तीच निर्णायक ठरते. खोपोलीहून किंवा कर्जतहून कल्याण, ठाण्याला बारा तासांच्या ड्युटीला जाणारी मुलगी येण्याजाण्याचे साडेतीन-चार तास धरून सोळा तास घराबाहेर असते. उरलेल्या आठ तासांत झोप, जेवण, घरची धुणीभांडी. अभ्यास कुठे बसवणार? खोपोलीच्या लोकल मोजक्या, एक चुकली की तास गेला. त्यापेक्षा गावाजवळचे आठ तासांचे, दोन हजार रुपये कमी देणारे काम परवडते. रोज दोन तास अभ्यास झाला तर १८० दिवसांत ३६० तास होतात, एका-दोन विषयांना ते पुष्कळ झाले. शिवाय पास आणि बाहेरच्या खाण्याचा खर्च वजा केला तर ते दोन हजार खरे किती उरतात, हेही कागदावर मांडून बघा.

मुंबईतल्या ब्युरोंची चोवीस तासांची ड्युटी हा आणखी एक मोह. राहणे-जेवण फुकट, हातात रोख पैसे. पण परक्या घरात अंथरुणाला खिळलेल्या आजोबांजवळ चोवीस तास असताना पुस्तक उघडता येत नाही आणि परीक्षेसाठी सुट्टी मागितली की ब्युरो दुसरी मुलगी पाठवते. बारा तासांची दिवसपाळी, तीही वाटेवरच्या बदलापूर-कल्याणपर्यंत असेल तरच विचार करावा.

आपल्या तालुक्यांत एक सोय आहे जी इतर ठिकाणी नाही. कर्जत-खालापूरचे फार्महाऊस, रिसॉर्ट आणि इमॅजिकासारखी ठिकाणे शनिवार-रविवारी भरतात. तिथे दोन-तीन दिवसांच्या हंगामी कामाला माणसे लागतात आणि सोमवार ते गुरुवार मोकळे राहतात. नर्सिंग शिकलेल्या मुलीने रिसॉर्टच्या स्वागतकक्षात उभे राहायचे, हे काही घरांना कमीपणाचे वाटते. मला वाटत नाही. बनावट सिस्टर होण्यापेक्षा ते कितीतरी सुरक्षित आहे. खोपोली, सावरोली पट्ट्यातल्या कारखान्यांचाही विचार करा. ५०० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णवाहिका कक्ष ठेवावा लागतो. तिथली नर्सची जागा नोंदणीकृतांसाठीच असते, पण नोंदवह्या आणि साहित्य सांभाळायला सहायक घेतात. पुढे नोंदणी झाली की ओळख कामाला येते.

सरकारी योजनांपैकी २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना अनेकांनी ऐकली आहे. बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये असे तिचे मासिक विद्यावेतन ठरले. जीएनएम अपूर्ण असेल तर आपण बारावीच्या गटात येतो. शिक्षण चालू असलेल्यांना ही योजना नाही, म्हणून पुरवणी परीक्षा बाकी असताना अर्ज चालेल का आणि सध्या जागा आहेत का, हे जिल्ह्याच्या कौशल्य विकास केंद्रात आधी विचारून घ्या.

अभ्यासाबद्दल थोडे. निकाल हाती आला की पहिल्या आठवड्यात कॉलेजला जाऊन तीन गोष्टी विचारा: गुणपडताळणीची मुदत, पुरवणी परीक्षेचा अर्ज कधी भरायचा, आणि प्रात्यक्षिकाचे तास पूर्ण आहेत का. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के लागतात. काही अभ्यासक्रमांत एकात राहिले तरी दोन्ही पुन्हा द्यावे लागतात, तुमच्या बाबतीत काय ते खात्रीने विचारा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना विषय कळलेला असतो, इंग्रजीत लिहिता येत नसते. त्यावर रोज एक उत्तर वेळ लावून हाताने लिहिणे हाच उपाय. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून हात चालत नाही.

सामुदायिक आरोग्य हा विषय राहिला असेल तर पुस्तकाबाहेर डोळे उघडा. सपाट भागात ५,००० आणि आदिवासी-डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्राला ३०,००० आणि २०,००० हे निकष आपण पाठ करतो. कर्जतच्या वाड्यांमध्ये ते प्रत्यक्ष दिसतात. गावातल्या लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत जाऊन बसा. जन्मतः बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी. मग सहा, दहा आणि चौदा आठवडे. नऊ महिने झाल्यावर गोवर-रुबेला. समोर बाळ आणि त्याचे कार्ड असले की हे तक्ते विसरत नाहीत. नेरळचे आरोग्य केंद्र, कशेळे आणि चौकची ग्रामीण रुग्णालये, कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय इथल्या सिस्टरना शंका विचारायला जा. रांग ओसरल्यावर गेलात तर बहुतेक जणी आपुलकीने सांगतात.

याच काळात जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्राचे कागद जमवायला घ्या. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या भरतीसाठी लागणाऱ्या दाखल्याचा नमुना राज्याच्या नमुन्यापेक्षा वेगळा असतो. जाहिरात निघाल्यावर तहसीलला धावणाऱ्यांची तारीख चुकते.

कार्यकर्त्यांना एक विनंती. विहाराचा हॉल संध्याकाळी वंदनेनंतर बहुतेक ठिकाणी बंदच असतो. सात ते दहा तो अभ्यासासाठी उघडा ठेवा, दिवा-पंख्याचे बिल मंडळाने भरावे, आणि आपल्या गावात कोणाकोणाचा विषय राहिला आहे याची यादी गाजावाजा न करता करा. नोंदणी झालेल्या आपल्याच ताईंपैकी कोणी आठवड्यातून एक रविवार दिला तरी तीन-चार मुलींचा गट चालतो. मुलीच्या घरी जाल तेव्हा निकालाची चर्चा टाळा, वडिलांशी बोला: पुढची परीक्षा होईपर्यंत स्थळे थांबवा, एवढेच सांगायचे. आमच्याकडे हे बोलायला एखादी वयाने मोठी, नोकरी केलेली मावशी सोबत नेली की काम लवकर होते.