लिंकन घराण्याची वाटचाल : वंशशोधातील पुराव्याचा विचार

मुलूख सोडून दूर स्थायिक झालेल्या घराण्यांना आपल्या मुळाचा शोध घ्यावासा वाटतो, ही गोष्ट स्वाभाविक आहे. पेशवाईत इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे या बाजूंस गेलेल्या मराठी कुटुंबांत मूळ गाव आणि कुलदैवत यांची आठवण याच ओढीने टिकून राहिली. परंतु आठवण निराळी आणि पुरावा निराळा. या दोहोंमधील अंतर कसे ओलांडावे, याचा पद्धतशीर विचार अमेरिकेत बराच झाला आहे. बॉस्टन येथे 1845 मध्ये न्यू इंग्लंडच्या वंशेतिहासासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली व 1847 पासून तिचे त्रैमासिक निघू लागले. त्या देशातील एका सुप्रसिद्ध घराण्याच्या आधारे हा विषय आम्ही येथे मांडीत आहोत.

आरंभीच्या वसाहतवाल्यांविषयी लेखी साधने विपुल आहेत, याचे मुख्य कारण जमीन हे होय. 1620 ते 1640 या काळात सुमारे वीस हजार इंग्रज न्यू इंग्लंडमध्ये उतरले. व्हर्जिनियात तर 1618 पासून, जो कोणी स्वखर्चाने एक माणूस आणील त्याला त्या माणसामागे पन्नास एकर जमीन मिळण्याचा हक्क देण्यात आला. त्यामुळे जमिनीच्या सनदांत आणलेल्या माणसांची नावेही नोंदली गेली. पुढे लोकसंख्या वाढली, जमीन कसून निकस झाली, वाटण्या होऊन तुकडे पडले. आणि प्रत्येक पिढीतील धाकटे पुत्र नव्या जमिनीच्या शोधात पश्चिमेस व दक्षिणेस सरकत राहिले. म्हणून तेथील वंशशोध हा बहुधा स्थलांतराचाच शोध ठरतो.

अब्राहम लिंकन यांनी डिसेंबर 1859 मध्ये एका स्नेह्यासाठी स्वतःची अल्प माहिती लिहून दिली. आपले आजोबा व्हर्जिनियातील रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीत आले आणि त्यांचे पूर्वज पेनसिल्व्हेनियातील बर्क्स काउंटीचे, एवढे त्यांना ठाऊक होते. न्यू इंग्लंडमध्येही लिंकन आडनावाचे एक घराणे होते. त्याच्याशी नाते जोडण्याचा प्रयत्न झाला, पण मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशा नावांच्या सारखेपणापलीकडे काही हाती लागले नाही, असे त्यांनी स्वच्छ नमूद केले. हा त्यांचा संयम विचार करण्याजोगा आहे. बायबलातील ही नावे त्या काळी घरोघर होती. नामसाम्य शोधाची दिशा दाखवू शकते, नाते सिद्ध करू शकत नाही.

जे लिंकन यांना साधले नाही ते पुढील संशोधकांनी साधले. त्यांच्या घराण्याचे सविस्तर वृत्तान्त 1909 व 1923 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांवरून क्रम असा दिसतो : सॅम्युएल लिंकन हा इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील हिंगम गावचा, तो 1637 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील त्याच नावाच्या नव्या गावी आला. त्याचा पुत्र मॉर्डेकाय. त्याचा पुत्र दुसरा मॉर्डेकाय. हा न्यू जर्सीत व तेथून पेनसिल्व्हेनियात गेला. त्याचा पुत्र जॉन व्हर्जिनियात उतरला. जॉनचा पुत्र अब्राहम केंटकीत पोहोचला. अब्राहमचा पुत्र टॉमस आणि टॉमसचे पुत्र राष्ट्राध्यक्ष लिंकन, जन्म 1809. म्हणजे 172 वर्षांत सात पिढ्या आणि पाच प्रदेश.

या साखळीतील दुवे जुळले ते मृत्युपत्रे आणि विक्रीखते यांच्या बळावर. पहिल्या मॉर्डेकायच्या मृत्युपत्रात दूर गेलेल्या त्याच नावाच्या पुत्राचा उल्लेख आहे. हा पुत्र 1736 मध्ये वारला, तेव्हा त्याने न्यू जर्सीतील आपली जमीन जॉनला ठेवली. आणि जॉनने पुढे ती विकली तेव्हा आपण मॉर्डेकायचे पुत्र व वारस असल्याचे खतात लिहिले. पूर्वजांचे नाव अमर व्हावे म्हणून हे कागद कोणी केले नव्हते. जमिनीचा व्यवहार निर्वेध व्हावा एवढाच त्यांचा हेतू होता, आणि म्हणूनच त्यांची साक्ष अधिक विश्वसनीय ठरते.

परंतु कागद कोठे शोधावा, हेही कळले पाहिजे. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग. वसाहत वाढे तशा जुन्या काउंट्या फोडून नव्या केल्या जात. बर्क्स 1752 मध्ये आणि रॉकिंगहॅम 1778 मध्ये अस्तित्वात आली. त्यापूर्वीची नोंद मातृ-काउंटीच्या दप्तरात असते. टॉमस लिंकन व नॅन्सी हँक्स यांचा विवाह 1806 मध्ये झाला. त्याची नोंद, ते दांपत्य पुढे जेथे राहिले त्या हार्डिन काउंटीत मिळेना. तेव्हा विवाहच झाला नसावा, अशी कुजबुज पसरली. प्रत्यक्षात विवाहाचा करारनामा वधूच्या काउंटीत करण्याची प्रथा होती, आणि तो वॉशिंग्टन काउंटीच्या कचेरीत सुरक्षित होता. चुकीच्या दप्तरात शोध घेतल्याने एका कुटुंबाच्या अब्रूवर विनाकारण डाग पडला.

कायद्याचेही भान हवे. टॉमसचे वडील 1786 मध्ये मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. त्या वेळी ज्येष्ठ पुत्राच्या वारसाहक्काचा नियम चालू होता. सर्व जमीन थोरल्या भावाकडे गेली आणि टॉमसला मोलमजुरी करीत वाढावे लागले. ज्याला जमीन नाही त्याचे कागदही थोडे, हे सूत्र येथे प्रत्ययास येते.

या सूत्राचा सर्वांत मोठा फटका स्त्रियांना बसला. पितृकुल सात पिढ्या उलगडते. पण नॅन्सी हँक्स कोणाची कन्या, यावर दीर्घकाळ वाद चालला. केवळ मातेकडून संततीला मिळणाऱ्या जनुकद्रव्याच्या तपासणीवरून 2015 मध्ये ती ल्यूसी हँक्सची कन्या असल्याचा निर्वाळा देण्यात आला. तिचा पिता कोण, हे मात्र त्यानेही ठरत नाही.

याहून कठोर वंचना गुलामांच्या वंशजांची. 1850 च्या शिरगणतीत प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव प्रथमच नोंदले गेले; पण त्याच वर्षी, आणि 1860 मध्येही, गुलामांच्या याद्यांत नाव बहुधा फक्त मालकाचे. खाली वय, लिंग आणि वर्ण. मुक्त झालेल्या सर्वांची नावे देशव्यापी गणतीत आली ती 1870 मध्ये. त्यामागे जायचे तर वंशजाला मालकाच्या घराण्याचे मृत्युपत्र व मालमत्तेची यादी उघडावी लागते, आणि गुरेढोरे व अवजारे यांच्या जोडीने लिहिलेल्या नावांत आपली पणजी शोधावी लागते.

म्हणून वंशावळीकडे पाहताना शिक्षकाने विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारावयास शिकवावे, असे आम्हांस वाटते : हे नाव कोणत्या कागदावर उभे आहे, आणि ज्यांचे नाव येथे नाही ते का नाही? पहिल्या प्रश्नाने खोटी थोरवी गळून पडते. दुसऱ्याने, ज्यांच्या कष्टांवर ती घराणी उभी राहिली त्यांची आठवण होते. जेथे पुरावा संपतो तेथे जागा रिकामी ठेवण्याचे धैर्य लिंकन यांनी 1859 मध्ये दाखविले होते. ती जागा पुढे भरली गेली, ती त्यांनी खोट्या नावाने भरून टाकली नव्हती म्हणूनच.