नंबर कुणाचा?

वासोटा किल्ल्याला निघालेले ट्रेकर सकाळी कोयना जलाशयाच्या बामणोली काठावर जमले, की बोट क्लबच्या खिडकीशी एकच प्रश्न ऐकू येतो: नंबर कुणाचा? ज्याचा नंबर, त्याची बोट निघते. पाहुणा ओळखीचा असो की बोट नवीकोरी, नंबर मोडायचा नाही. भाडं माणशी नाही, अख्ख्या बोटीचं, ठरलेल्या दराने. मागे वळून पाहताना मला या नंबराचं फार मोल वाटतं.

कोयनेच्या खोऱ्यात होडी हौसेने आली नाही. साठच्या दशकात धरणाने पाणी अडवलं, शिवसागर जलाशय भरला आणि नदीकाठची भातखाचरं तळाला गेली. कित्येक कुटुंबं सांगली, सोलापूर, ठाण्यापर्यंत पांगली. राहिली ती डोंगराच्या कुशीत वर सरकली. समोरचा काठ डोळ्यांना दिसायचा, पण वाट बुडालेली. आजारी माणूस, नवरा-नवरी, रेशनचं पोतं, सगळं पाण्यावरून. जिल्हा परिषदेची लाँच होती, तरी वेळी-अवेळी गावातलीच होडी कामाला यायची. पाण्यावरची ही माणसं तयार झाली ती अशा गरजेतून. पर्यटक नंतर आले.

1985 मध्ये कोयना अभयारण्य झालं, 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आणि 2012 मध्ये जागतिक वारशाचा मान. जंगलावर बंधनं वाढत गेली, पण त्याच जंगलाच्या ओढीने माणसं तापोळा-बामणोलीत येऊ लागली. होडीवाला नुसता होडीवाला राहिला नाही. उन्हाळ्यात पाणी उतरतं तसा काठही खाली सरकतो. आज कुठे लागायचं, कुठल्या वळणावर बुडालेली खोडं वर येतात, दुपारनंतर वारं कुठून सुटतं, हे त्यालाच ठाऊक. ट्रेकरना वासोट्याच्या पायथ्याला, मेट इंदवलीला उतरवून तो दिवसभर थांबतो आणि अंधाराआधी सगळ्यांना परत आणतो. 2024 मध्ये मुनावळ्याला शासनाचं जलपर्यटन केंद्र सुरू झालं. तिथे या जुन्या हातांना किती जागा मिळते, यावर माझं लक्ष आहे.

कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि तेच पाणी पुढे सांगलीला जातं. तिथल्या नावाड्याचा इतिहास आणखी जुना. गावाने त्याला सुगीला धान्य द्यायचं, त्याने वर्षभर गावाला पैलतीरी न्यायचं. रोज पैसे मोजायचे नाहीत, पण नाव कायम पाण्यात आणि नावाडी कायम सरावात. पूल झाले तसं हे देणं थांबलं. नदीवरच्या होड्यांच्या शर्यतींनी वल्ह्याचा हात जिवंत ठेवला, पण शर्यतीच्या बक्षिसावर घर चालत नाही.

मग पूर आले. 2005, 2019, 2021. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. 8 ऑगस्टला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं त्यात होती, कारण मागे घरात पाणी होतं आणि दुसरी बोट समोर नव्हती. ते दृश्य आठवलं की आजही घसा दाटून येतो. प्रत्येक पुरानंतर बोटी, जॅकेटं यांची चर्चा होते. बोट एकदा विकत घेता येते. ती चालवणारा हात मात्र दरवर्षी सांभाळावा लागतो, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात ओळ लागते.

कोयनेच्या बोट क्लबांसाठी त्या ओळीचं काम पर्यटकाच्या पैशाने केलं. पण पावसाळ्यात वासोटा बंद. गावांच्या सोयीपुरत्या बोटी सुटतात, बाकीच्या काठावर ओढून ताडपत्रीखाली जातात. नेमक्या त्याच महिन्यांत सांगली आकाशाकडे आणि धरणाच्या विसर्गाकडे डोळे लावून बसते. जून ते ऑक्टोबर ही मंडळी मोकळी आणि अनुभवी. आपत्ती व्यवस्थापनाच्या निधीतून त्यांना हंगामी मानधन द्यावं. पलूस, मिरज, वाळव्याच्या तरुणांना त्यांनी मे महिन्यातच शिवसागरावर शिकवावं आणि पुराच्या दिवसांत सांगलीत हजर राहावं. आधी कोण, मग कोण, यासाठी नवी पद्धत शोधायला नको. बामणोलीच्या खिडकीवर ती रोज चालते.