नवी चेनसॉ मान टाकतेय?

परवा शेजारचे काका नवीकोरी चेनसॉ घेऊन आले. "सुरू होते रे, पण ट्रिगर दाबला की मान टाकते!"

एअर फिल्टर स्वच्छ. पेट्रोल ताजं, लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल. म्हणजे कार्बोरेटरच.

मशीन गरम करून कार्बोरेटरचा 'एल' (लो-स्पीड) स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी डावीकडे सोडला, तशी झटक्यात उठायला लागली. मग 'टी' स्क्रूने आयडल इतकं उतरवलं की चेन फिरायची थांबली.

'एच' (हाय-स्पीड) स्क्रूला मात्र जपून! उजवीकडे जास्त आवळला की पेट्रोल कमी, आवाज चिरका आणि शेवटी पिस्टन जाम. फुल थ्रॉटलला किंचित घरघर राहू द्या. लाकडात घातली की आवाज साफ होतो.

वॉरंटी असेल तर आधी डीलरला दाखवा. बाकी काही अडलं तर बिनधास्त विचारा.