वेण्या घातलेली वकीलबाई

जुन्या अमेरिकन विनोदी मालिकांचे भाग आज सहज बघायला मिळतात. एखादा भाग आवाज बंद करून बघा. पडद्यावरच्या कृष्णवर्णीय बाईने काय घातलंय, केस कसे ठेवलेत आणि ती कोणाच्या स्वयंपाकघरात उभी आहे, एवढंच पाहायचं. हसवण्यासाठी केलेल्या या मालिकांत केवढा मोठा झगडा चालला होता, ते दिसायला लागतं आणि थक्क व्हायला होतं.

१९५० साली आलेल्या ‘ब्यूला’त मालिकेला नाव तिचं, पण स्वयंपाकघर गोऱ्या मालकांचं. ब्यूला मोलकरीण होती. त्यानंतर १९६८ उजाडलं. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ‘जूलिया’ सुरू झाली. डायहॅन कॅरोलची जूलिया नर्स होती. वैमानिक नवरा व्हिएतनाममध्ये मारला गेलेला, लहानग्या मुलाला ती एकटीने वाढवत होती. तिचे कपडे इतके नेटके आणि देखणे, की नर्सच्या पगारात हे परवडतं कसं, असं लोक विचारू लागले. गरीब वस्त्यांतलं जगणं या मालिकेत कुठे आहे, हा आक्षेप तर खराच होता. तरीही १९६९ मध्ये मॅटेल कंपनीने जूलियाची बाहुली काढली, ती नर्सच्या पांढऱ्या गणवेशात. खेळण्यांच्या दुकानात मुलींना एक कमावती कृष्णवर्णीय बाई हातात घेता येऊ लागली, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

मात्र मी सर्वांत जास्त रेंगाळते ती एस्थर रोलपाशी. ‘मॉड’ या मालिकेत ती फ्लोरिडा नावाची मोलकरीण होती. ते पात्र इतकं गाजलं, की तिच्यासाठी १९७४ मध्ये ‘गुड टाइम्स’ ही स्वतंत्र मालिका निघाली. शिकागोतल्या सरकारी वसाहतीतलं गरीब घर, तीन मुलं आणि एकटी आई, असा बेत होता. रोलने तो मोडून काढला. मुलांना बाप हवा, नाहीतर मी काम करणार नाही, यावर ती अडून बसली. कृष्णवर्णीय घर म्हणजे बाप नसलेलंच, हे चित्र तिला पडद्यावर नको होतं. अखेर बाप आला. ते पात्र करणारा जॉन एमॉस तिच्याहून एकोणीस वर्षांनी लहान होता, पण ती जोडी बघताना हे ध्यानातही येत नाही.

१९७६ मध्ये एमॉसला मालिकेतून काढलं आणि त्याचं पात्र अपघातात गेल्याचं दाखवलं. नवऱ्याच्या अंत्यविधीनंतर घर माणसांनी भरलंय. फ्लोरिडा सगळ्यांची विचारपूस करतेय, डोळ्यांत टिपूस नाही. पाहुणे पांगतात, ती आवराआवर करायला लागते, सरबताचं मोठं काचेचं भांडं उचलते आणि जमिनीवर आपटते. इतका वेळ धरून ठेवलेलं दुःख त्या काचांबरोबर फुटतं. विनोदी मालिकेत हे घडतंय यावर विश्वास बसत नाही. पुढच्या वर्षी रोलही बाहेर पडली. थोरल्या मुलाच्या पात्राला निव्वळ विदूषक केलं जातंय, हे तिला पटत नव्हतं. ती परतली, तीही आपल्या अटींवर.

याच घरात ऊठबस असणारी शेजारीण विलोना. कपड्यांच्या दुकानात कामाला आणि स्वतःही कायम झोकात. ही भूमिका करणाऱ्या जॅनेट ड्युबॉयने दुसऱ्याच एका मालिकेचं, ‘द जेफरसन्स’चं, शीर्षकगीत दुसऱ्या एकासोबत मिळून लिहिलं आणि गायलंही. श्रीमंत होऊन न्यूयॉर्कच्या उंच इमारतीत राहायला गेलेल्या कुटुंबाची ती गोष्ट. पहिल्याच भागात फ्लॉरेन्स ही मोलकरीण कामाच्या शोधात येते. या इमारतीत दोन कृष्णवर्णीय बायकांची स्वतःची घरं आहेत हे कळल्यावर ती चकित होऊन विचारते, की आपण जिंकलो आणि मला कोणी सांगितलंच नाही? फ्लॉरेन्स झालेली मार्ला गिब्ज तेव्हा विमान कंपनीतली नोकरीही करत होती; मालिका सुरू झाल्यावरही तिने ती लगेच सोडली नाही. पडद्यावरच्या यशावर किती विसंबायचं, हे तिला नेमकं ठाऊक असणार.

मालकीणबाई लुईझ साकारणाऱ्या इझाबेल सॅनफर्डला १९८१ मध्ये विनोदी मालिकेतली सर्वोत्कृष्ट प्रमुख अभिनेत्री म्हणून एमी पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. दुसरी क्विंटा ब्रन्सन, थेट जानेवारी २०२४ मध्ये.

१९९३ मध्ये यवेट ली बाउझर या कृष्णवर्णीय लेखिकेने ‘लिव्हिंग सिंगल’ निर्माण केली. ब्रुकलिनमधलं घर, त्यात मैत्रिणींचा राबता. क्वीन लतिफाची खदीजा स्वतःचं मासिक चालवते. त्यांची वकील मैत्रीण मॅक्सीन शॉ हक्काने येऊन यांच्या फ्रिजवर ताव मारते आणि कोर्टात प्रतिपक्षाला लोळवते. मॅक्सीन झालेल्या एरिका अलेक्झांडरच्या केसांच्या बारीक लांब वेण्या असत. वकिली सूटवरही त्याच. स्टेसी अब्राम्स आणि आयाना प्रेस्ली या राजकारणातल्या दोघींनी आपल्यावर मॅक्सीनचा प्रभाव असल्याचं जाहीरपणे सांगितलंय.

नोकरीच्या ठिकाणी किंवा शाळेत अशा वेण्यांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा अमेरिकेत सर्वांत आधी कॅलिफोर्निया राज्याने केला. ते साल होतं २०१९. मॅक्सीन शॉ त्याच्या सव्वीस वर्षं आधीच त्याच वेण्यांनी खटले लढवत होती.