विश्लेषण : वारंवार गर्भपात होत असल्यास ‘रक्त पातळ’ करणारे इंजेक्शन कोणाला उपयोगी?

रत्नागिरी शहर असो वा लांजा-राजापूरमधील गाव, दोन-तीनदा गर्भ टिकला नाही की पुढच्या खेपेला पोटावर रोज इंजेक्शन घेण्याचा सल्ला अनेक महिलांना मिळतो. ‘रक्त घट्ट आहे, पातळ करायला हवे’ एवढेच घरच्यांच्या लक्षात राहते. प्रत्यक्षात हे औषध वारेच्या पेशींवरही परिणाम करते. मात्र ते सर्वांनाच उपयोगी पडत नाही.

हे औषध कोणते?

हेपारिन. १९१६ मध्ये अमेरिकेत जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून त्याचा माग लागला. आज ते प्रामुख्याने डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनवतात. हेपारिनचा रेणू मोठा असल्याने तो वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. वॉरफरिनची गोळी मात्र बाळापर्यंत पोहोचते आणि अपाय करू शकते. म्हणून गरोदरपणात हेपारिन, आणि सोबत बहुधा अल्प मात्रेतील अ‍ॅस्पिरिन दिले जाते.

गर्भ का टिकत नाही?

अशा काही महिलांना अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम असतो. त्यात शरीर स्वतःच्याच घटकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. वारेतील रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन गर्भाचे पोषण तुटते, असे पूर्वी मानले जाई. पण अनेक गर्भपात पहिल्या काही आठवड्यांतच होतात, वारेतून रक्तप्रवाह पूर्ण सुरू होण्याआधी.

इथे ट्रोफोब्लास्ट पेशी महत्त्वाच्या ठरतात. लावणीनंतर तरवा चिखलात मूळ धरतो, तशा या पेशी गर्भाशयाच्या अस्तरात शिरतात आणि त्यांतूनच वार घडते. प्रतिपिंडे या पेशींना चिकटतात, दाह वाढवतात, पेशी मरतात आणि ‘मूळ’ धरले जात नाही.

हेपारिन तिथे काय करते?

२००४ मध्ये उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हेपारिनने गर्भ वाचले. हिरुडिन आणि फोंडापॅरिनक्स ही औषधेही रक्त गोठू देत नाहीत, तरी त्यांनी गर्भ वाचले नाहीत. हेपारिनने ‘कॉम्प्लिमेंट’ ही रक्तातील प्रथिनांची संरक्षक साखळी रोखली होती. प्रयोगशाळेतील ट्रोफोब्लास्ट पेशींचा मृत्यूही हेपारिनमुळे कमी झाल्याचे आढळले. त्याची दुसरी बाजूही दिसली: नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीत अडथळा आणणारे एक प्रथिन या पेशी हेपारिनमुळे अधिक सोडतात.

फायदा कोणाला?

लंडनमध्ये हा सिंड्रोम असलेल्या ९० महिलांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के, तर हेपारिनची जोड मिळालेल्यांपैकी ७१ टक्के महिलांना जिवंत बाळ झाले. ज्यांच्या गर्भपाताचे कारण सापडले नव्हते, अशा ३६४ महिलांच्या २०१० मधील चाचणीत मात्र औषधांचा फायदा दिसला नाही. उलट औषधाविना असलेल्या गटातही निम्म्याहून अधिक महिला माता झाल्या. रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष असलेल्या ३२६ महिलांवरील २०२३ च्या चाचणीतही इंजेक्शन घेणाऱ्या ७२ टक्के, तर न घेणाऱ्या ७१ टक्के महिलांना बाळ झाले.

तपासणी कोणती आणि कधी?

ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या तीन तपासण्या कराव्या लागतात. एखाद्या संसर्गानेही प्रतिपिंडे तात्पुरती वाढतात. त्यामुळे किमान १२ आठवड्यांनी तपासणी पुन्हा करणे आवश्यक असते. हेपारिन सुरू असताना यातील पहिल्या तपासणीचा निष्कर्ष फसवा येऊ शकतो. म्हणून पुढचे गरोदरपण येण्याआधीचा काळ तपासणीसाठी योग्य. लहान गावात ही सोय नसेल, तर नमुना शहरातील प्रयोगशाळेत पाठवता येतो का, हे विचारावे.

धोके काय?

रक्तस्राव, प्लेटलेट घटणे, दीर्घकाळ वापराने हाडे ठिसूळ होणे आणि रोजचा खर्च. तरीही सुरू असलेले इंजेक्शन मनाने बंद करू नये. प्रसूतीच्या वेळी शेवटचा डोस कधी घेतला, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आणि दोष कोणाचा?

सुरुवातीच्या सुमारे निम्म्या गर्भपातांमागे गर्भातील गुणसूत्रांचा दोष असतो. ‘वजन उचलले’, ‘एसटीने गेली’ असे म्हणून सुनेला बोल लावण्याला आधार नाही. इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी ‘माझ्या तपासणीत काय आढळले?’ हे डॉक्टरांना विचारणे हा तिचा हक्क आहे.