पाइपाला आतून लागलेली कीड

खर्डी स्टेशनाच्या एका अंगाला तानसा आणि मोडकसागर ही धरणं, दुसऱ्या अंगाला भातसा. मुंबईचं बरंचसं पाणी शहापूर तालुक्यातल्या याच डोंगरांत साठतं आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर फिरतात, हे सगळ्यांना पाठ आहे. या पाण्याचा एक स्वभाव मात्र फारसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. ते मऊ असतं, आणि मऊ पाण्यात लोखंड फार काळ सुखाने नांदत नाही.

सह्याद्रीवरचा पाऊस काळ्या कातळावरून घाईघाईने धरणात उतरतो. वाटेत क्षार उचलायला त्याला सवड मिळत नाही. अशा पाण्यात डाळ पटकन शिजते, साबणाला फेस येतो. बोअरचं जड पाणी पातेल्याला चुन्याचा पांढरा थर चढवतं. तसाच थर ते पाइपाच्या आतूनही चढवतं आणि लोखंड थोडंफार झाकलं जातं. मऊ पाण्याजवळ तेवढा चुना नसतो. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सामू (पीएच) उतरला, तर आधीचा थरही निघून जातो. पाणी थर बसवेल की खरवडेल, याचं गणित विल्फ्रेड लँजेलियर या अमेरिकन अभियंत्याने १९३६ साली मांडलं. ते आजही वापरलं जातं.

उघड्या लोखंडावर पाण्यातला प्राणवायू काम सुरू करतो. एका ठिपक्यापाशी धातू विरघळतो आणि वर तांबूस गाठ धरते. गाठीच्या आडोशाला क्लोराइड गोळा होतं, आम्लता वाढते, खालचा खड्डा खोल होत जातो. बीडाचा पाइप जाड असल्याने लवकर फुटत नाही, पण आतून बुजतो. १०० मिलिमीटरचा पाइप गाठींनी ७५ वर आला, तर तेवढ्याच दाबाला निम्म्याहूनही कमी पाणी मिळतं. गावात मग ओरड होते ती ‘पाणी सोडत नाहीत’ अशी. जस्ताचा मुलामा दिलेल्या पातळ लोखंडी (जीआय) पाइपाला तर सरळ भोकच पडतं.

दिवसातून तासभरच पाणी सोडण्याची आपली पद्धत या रोगाला खतपाणीच घालते. रिकाम्या पाइपात हवा शिरते, ओला गंज आणखी फुगतो. जिथे पाणी साचून राहतं तिथे प्राणवायू संपतो आणि गंजातलं लोह पुन्हा पाण्यात उतरतं. सकाळच्या पहिल्या बादलीला चहासारखा रंग येतो तो असा. पावसाळ्यात गढूळपणा बसवायला तुरटी वाढवली की पाण्याची क्षारता घटते, सामूही उतरतो. म्हणून शुद्धीकरणात चुन्याची जोड द्यावी लागते. ती टाळली तर पाणी दिसायला काचेसारखं असतं, आणि गंज मात्र जोरात चढतो.

गंजाकडे अशा दुर्लक्षाची जबर किंमत अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने मोजली. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी तिथे नदीचं पाणी सुरू झालं. त्यात क्लोराइड जास्त होतं आणि गंज रोखणारं फॉस्फेट घातलंच नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने सुटे भाग गंजतात म्हणून ते पाणी नाकारलं. लोकांना ते आणखी वर्षभर प्यावं लागलं. जुन्या जोडण्यांतलं शिसं मुलांच्या रक्तात सापडलं.

मोठ्या पोलादी वाहिन्यांना आतून सिमेंटचा लेप देतात. त्यातल्या चुन्यामुळे धातूलगतचा सामू चढा राहतो, अर्थात फारच मऊ पाणी कालांतराने हा चुनाही ओढून घेतं. गावच्या नव्या योजनांत काळे एचडीपीई पाइप आले. ते गंजत नाहीत. पण टाकीपाशी किंवा घरात नळाला जोडलेला जीआयचा तुकडा गंजतोच.

जलजीवन मिशनमध्ये गावोगावी महिलांना पाणी तपासण्याचे संच वापरायला शिकवलं गेलं. त्यात सामू, कठीणपणा, क्षारता, क्लोराइड आणि लोह पाहता येतं. सहसा तपासणी होते ती पाणी पिण्याजोगं आहे का, एवढ्यापुरती. तोच संच घेऊन एक नमुना विहिरीवर आणि दुसरा शेवटच्या नळावर घेतला, आणि लोह नळावरच जास्त निघालं, तर ते वाटेतल्या पाइपातून आलेलं असतं. पाइप बदलायची गरज आहे का, हे ठरवायला ग्रामपंचायतीला खोदकामाआधी एवढी माहिती उपयोगी पडते.